ठराव क्रमांक सात

सुपडू तायडे, कोतवाल.
त्याचं डफडं माझ्या टेबलाखाली असतं,
जन्म-मृत्यूच्या नोंदवहीला टेकून.

पोलिओच्या रविवारी त्यानं दवंडी दिली.
केळीच्या बागांपलीकडे, सुकीच्या काठच्या
पालांतून एकही मूल आलं नाही.
आशाताई डबा मांडीवर घेऊन बसली
आतल्या बर्फाचं पाणी होईतो.

त्याच डफड्यावर, मागल्या बुधवारी,
वरून आलेला कागद वाचला गेला होता:
परमुलखातले, विनाकागदाचे
कोण कोण इथे राहतात
ते गावानं कळवावं.

पालं उठली नाहीत.
दिवसाच्या चुली तेवढ्या बंद झाल्या.
एक पोटुशी दवाखान्याच्या पायरीवरून फिरली,
आत रजिस्टर उघडं दिसलं म्हणून.

ग्रामसभेत आरडाओरडा.
कायदा दिल्लीचा, आपण कोण? कुणीतरी म्हणालं.
पुंडलिक भारंबे, ज्यांचे घड हीच माणसं कापतात
(हेही कुणीतरी म्हणालंच),
खुर्ची धरून उभे राहिले:
दिल्लीनं यावं. दिल्लीनं विचारावं.
मी आडवा पडणार नाही.
पण गाव तिचं बोट होणार नाही.

मग सुपडू. सभेत कधी न बोललेला.
"मले विचारा, कवा जन्मलो.
माय म्हने, केळीवर करपा आला त्या साली.
आधीची चार गेली म्हणून मले सुपात ठेवलं.
सूप हाये घरी. कागद नाही."
कोणी हसलं.
मग कोणी हसलं नाही.

मी लिहिलं: कोतवाल, आशा, गुरुजी, ग्रामसेवक,
यांनी कामावर असताना
कोणाचाही मुलूख विचारू नये.
बाजूनं एक्केचाळीस, विरोधात अडतीस.
सरपंचबाईंनी सही करताना
माझ्याकडे पाहिलं नाही.
वरचे हा ठराव रद्द करतील बहुधा,
आणि नोटीस माझ्या नावानं येईल.

पुढल्या रविवारी
डफडं टेबलाखालीच राहिलं.
सुपडू रिकाम्या हातांनी नदीकडे गेला,
दुपारी परतला, मागे तीन पोरं,
आणि बरीच मागे, बांधावर, एक बाई.
ती पोरांकडे पाहत नव्हती.
माझ्या टेबलाकडे पाहत होती.

मी पेन खिशात ठेवलं.
खिशाचं बटण लावलं.