थडीहिवरा : रद्द

पुनर्रचनेचं राजपत्र आलं त्या दिवशी
तहसिलीत लाईट नव्हती.
मी निवडणूक शाखेचा अव्वल कारकून,
खिडकीशी नेऊन वाचलं.
गावं होती सगळी. टाकळी, कुंभारी, बोरजाई,
एकही हरवलेलं नव्हतं.
मतदारसंघ मात्र नव्हता.

एकोणतीस गावं उगवतीच्या शेजाऱ्याला,
चाळीस मावळतीच्याला,
गंगेपलीकडची सात तिसऱ्याच कुणाला.
हिवरा बुद्रुक इकडं, हिवरा खुर्द तिकडं,
मधी ओढा,
ज्यात दोन्हीकडची म्हसरं
अजून एकत्रच बसतात.

साहेब म्हणाले, जुनं दप्तर आवरा.

सगळ्यात खालचं गाठोडं बावन्न सालचं.
यादी उर्दूत, अन्सारोद्दीन पेशकारांच्या हातची,
नुक्ते असे, जसे तीळ सांडलेत.
मला येत नाही उर्दू.
पोस्टामागचे रज्जाक हकीम आले,
चष्मा सदऱ्याला पुसून वाचू लागले :
मुंजाजी वल्द सटवाजी.
मुंजाजीची माय.
मुंजाजीची बायको.
पुढं लाल काट, आणि शेरा :
नाव सांगत नाही.

त्या साली पेट्या बैलगाडीनं थडीपर्यंत आल्या
आणि पुढं गुळाच्या कढईत बसून
पाण्यावरून गेल्या.
कढईला आतून राब चिकटलेली होती.
मतमोजणीला पेटी उघडली
तेव्हा आधी मुंग्या निघाल्या,
असं पेशकारांनी समासात लिहून ठेवलंय.
सरकारी कागदावर लिहू नये असं.
पण लिहिलंय.

मग हैदराबाद गेलं, मुंबई आली,
मुंबईचा महाराष्ट्र झाला.
थडीहिवरा जागचं हललं नाही,
वरचं राज्य तेवढं बदलत राहिलं.

सत्तावनला नव्या याद्या.
मुंजाजीची माय चावडीवर आली,
पदर दातात न धरता म्हणाली,
लिव्ह बापा. केशर.
मुंजाजीला मायचं नाव
तवाच कळलं म्हणतात.

बाकी इतिहास तसा थोडकाच.
वकीलसाहेब दोनदा, एकदा अकरा मतांनी.
जीपवाले एकदा.
कारखान्याचे चेअरमन इतक्यांदा
की त्यांच्या खुर्चीची वेत दोनदा बदलली.
पुलाची कोनशिला तीनदा बसली,
तिसरीवर धोबीघाट झाला.
बहात्तरला, पाणी नव्हतं तेव्हा,
पुलाचं आश्वासन कुणीच दिलं नाही;
लोक चालत पलीकडं जाऊन मत देऊन आले.
पंच्याऐंशीला सलूनवाला एकनाथ दळे उभा राहिला,
चिन्ह कंदील, मतं एकशे चार.
घरची पंधरा धरली
तर उरले एकोणनव्वद कोण,
हे न कळल्यामुळं
त्यानं पुढं सहा महिने
कुणाच्याच गळ्याशी वस्तरा धरून
राजकारण काढलं नाही.

हकीम वाचत होते, मी नोंदवत होतो.
नव्या यादीत आमचं गाव कसं आलंय बघा, मी म्हटलं :
भाग क्रमांक दोनशे अकरा,
अमक्या मतदारसंघातला.
हकीमांनी चष्मा काढला.
म्हणाले, म्हणजे मुंजाजीची माय.

यावर मला काही बोलता आलं नाही.
बाहेर कुणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी
शिपायाशी भांडत होतं.

नोंदवहीत शेवटचे दोन रकाने असतात :
रद्द झाल्याचा दिनांक,
आणि कारण.
दिनांक टाकला.
दुसऱ्या रकान्यापाशी दुपार गेली.
साहेब दोनदा डोकावून गेले,
राजपत्राचा क्रमांक लिहा की, म्हणाले.

लाईट आली, पंखा फिरला,
बावन्नची पानं उडायला लागली
म्हणून त्यांच्यावर हात ठेवला,
आणि दुसऱ्या हातानं
कारणाच्या रकान्यात
ठळक, शाई पुसटू नये अशा बेतानं
लिहिलं : थडीहिवरा.

हे नियमात बसत नाही, साहेब म्हणाले.
सही मात्र केली.