एकशेवीस लिटर

बाबा वर्षभर नौदलात होते.
समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.
आमच्या बोलिव्हियात नौदल असतं ते टिटिकाका तळ्यावर,
आणि मार्चमध्ये आम्ही बँड वाजवत रस्त्याने जातो
कधीकाळी हातून गेलेल्या किनाऱ्यासाठी.

नंतर तीस वर्षं ओरुरोची कथलाची खाण.
निवृत्त झाले त्याच आठवड्यात
भिंतीलगतची शिलाई मशीन सरकवून
त्यांनी काचेची टाकी मांडली.
आईने तिला पाण्यात पाहिलं,
आत पाणी भरायच्याही आधी.

मीठ बादलीतून आलं. परदेशी, महाग.
शेजारचे दोन सेव्हेरो पोट धरून हसले,
"उयुनीचं आख्खं मिठागर इथून एका रात्रीच्या बसवर,
आणि तू मीठ विकत घेतोस, एउलोहियो?"
कोचाबांबाची दुकानदारीण दोमितिला फोनवर ओरडली,
"ते मीठ बटाट्यावर घाला. टाकीत नको!"

बाबांनी वही घातली.
क्षारता, तापमान,
खाणीतल्या पाळीसारखी तारीख, वेळ, सही.
दिवसभर पाणी ढवळलं, रात्री दगड रचले,
पंप घुरघुरू लागला.
मग काहीच नाही.

पाच आठवडे काहीच नाही.
लोक येत, वाकून बघत: मासे कुठेत?
"पाणी अजून तयार व्हायचंय," बाबा म्हणत,
पीठ अजून फुगायचंय म्हणावं तसं.
कोळंबीचा एक तुकडा त्यांनी मुद्दाम आत सडू दिला.
आई ताट घेऊन अंगणात जेवायला बसली.
नळीतला हिरवा रंग चढला, उतरला,
मग जांभळा चढला, उतरता उतरेना.
दगडांवर तपकिरी मळ धरला.
"नासलं सगळं," मी म्हणाले.
"हात खिशात ठेवा," दोमितिला म्हणाली,
"नवशिक्याच्या टाकीत रोगापेक्षा हातच जास्त मारतात."
बाबा खिशात हात घालून टाकीसमोर उभे राहायचे,
तासन्‌तास,
फोटो काढून घेत असल्यासारखे.

शेवटी दोन मासे आले. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे,
माझ्या अंगठ्याएवढे.

इथली हवा विरळ. आम्हाला सवय आहे, पाण्याला नाही.
या उंचीवर समुद्राला धाप लागते,
म्हणून पंप दोन, रात्रंदिवस.
आणि जूनमधल्या एका रात्री वीज गेली.
बाबा मग घेऊन बसले,
टाकीतलं पाणी उचलून टाकीतच उंचावरून सोडत,
हवा मिसळत, मग मग मग.
त्यांच्या छातीत अजून खाणीची धूळ आहे.
एकच्या सुमाराला त्यांचा श्वास
पाण्याच्या आवाजाहून मोठा झाला.
आई उठली, काही न बोलता मग काढून घेतला.
मी कंबलं आणून टाकीला गुंडाळली.
साडेचारला दिवे आले.
दोघांतला एक मासा गेला.
वहीत तोही आहे. तारीख, वेळ, सही.

तेव्हापासून पाणी आई घालते.
काचेवर तिनेच रेषा ओढलीय, लाल नेलपॉलिशची.
उडतं ते नुसतं पाणी, मीठ कुठे जात नाही,
म्हणून रोज सकाळी लिटरभर गोडं पाणी, रेषेपर्यंत.
एकदा ती विसरली आणि बाबांनी
दिवसभर तिच्याशी अबोला धरला.

या वर्षी मी तिकिटं काढली, दोन, आरिकाची.
सीमा ओलांडली की किनारा.
बाबांनी तिकीट उलटंपालटं करून पाहिलं, परत दिलं.
"मी गेलो तर पाणी कोण घालणार?"

आई गेली. मी सोबत गेले.
स्कर्ट वर धरून ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली,
बोट बुडवून चाखलं,
कुठे रेषा दिसते का तसं इकडेतिकडे पाहिलं.
परतल्यावर टोपी काढता काढता बाबांना म्हणाली,
"गार आहे हो फार. कुणी हीटर लावलेला नाही."

बाबांनी वही ओढली.
"किती अंश?"