मोडलेली वई

क्लन गावाच्या वरच्या अंगाला, एडिथ प्रॉसरबाईंच्या कुरणात
मी दोरी ताणली. साठ मीटर.
वईच्या मुळापासून थेट कुरणाच्या पोटात.
दर पाच मीटरला नळी मातीत शिरे, फिरे, बाहेर येई
मुठीएवढा काळा गोळा घेऊन.
वास भिजल्या गोणपाटाचा.

बाई फाटकाला टेकलेल्या. वय सत्त्याऐंशी.
"एवढ्याशा मातीत काय मिळणार तुला?"
माणसं, म्हणाले मी.
वस्ती म्हणायचं होतं.

रात्रभर चाळणीवर दिवा.
वरून धग उतरते तसे ते खाली सरकतात,
ओल शोधत, काळोख शोधत.
खाली अल्कोहोलची कुपी असते.
हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

मग भिंगाखाली एकेक.
वईतल्या पाचोळ्यातले स्प्रिंगटेल:
लांब मिशा, काळेभोर डोळे, अंगावर जांभळट लव,
आणि पोटाखाली दुमडलेला चिमटा,
सुटला की स्वारी हवेत.
त्याच जागी चार बोटं खाली
त्यांचेच भाऊबंद, पांढरे, आंधळे, आखूड पायांचे.
चिमटा नाहीच.
उडणार कुठे? छप्पर डोक्याला टेकलेलं.
कुणी हिसकावून घेतलं नाही त्यांच्याकडून काही.
माती फक्त विचारत राहिली, ह्याचं इथे काय काम?
लाखो पिढ्या, तोच एक प्रश्न.

वई सुटली की माणूस पातळ होतं.
(पुन्हा माणूस. असो.)
मेंढ्यांच्या खुरांनी चेपलेली, उन्हाने तडकलेली जमीन,
तिथे मोजकेच, कोरड सोसणारे, कुठेही भेटणारे.
वाणी नाही, गोम नाही.
आलेख उतरत गेला, उतरायला हवा तसा.

आणि पस्तिसाव्या मीटरला त्याने मान वर केली.

चौतीस जण. पांढरे, आंधळे, रानातल्या जातीचे,
वर्षभरात हातभरही न हलणारे.
मी आधी लेबलांवर संशय घेतला,
मग कुप्यांवर, मग स्वतःच्या डाव्या डोळ्यावर.
पुन्हा नळी, पुन्हा दिवा.
पुन्हा तेच.

फोनवर बाई बराच वेळ गप्प.
किटली शिट्टी घालून थांबली.
"तिथे वई होती. एकोणसत्तर साली इड्रिसने उपटली,
ट्रॅक्टरला साखळी लावून. सरकार पैसे देत होतं तेव्हा.
त्या रात्री मी त्याला जेवायला वाढलं नाही."

वरून काही दिसत नाही. हिरवं, सपाट.
पण पातळी लावून पाहिली तर हातभर रुंदीची खोलगट रेघ,
पाणी तिथे दोन दिवस जास्त थांबतं.
तेवढ्यावर अर्धं शतक.
उडता येत होते ते उडून गेले, नाहीतर संपले.
राहिले ते, ज्यांना जाता येत नव्हतं.
जुन्या वईपासून पस्तीस मीटर,
मधे कुणाला न ओलांडता येणारं गवत.
दर हिवाळ्याला थोडे कमी होत असणार.
हा आकडा माझ्याकडे नाही.

सप्टेंबरात बाई काठी घेऊन आल्या.
दोरी नको म्हणाल्या.
माझ्या झेंड्यांकडे न बघता, झेंड्यांवरूनच चालत गेल्या,
सरळ, हळू,
आणि एके ठिकाणी मोकळ्या आभाळाखाली
मान वाकवली.
"हॉली आहे इथे. काटे लागतात."

वहीत लिहिलं: नमुना अठरा. वारा पश्चिमेचा.
नळी रोवताना
मीही जरा वाकून गेले.