कायदेशीर (विशेषण)

कसबा बावड्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याखाली माझं टेबल,
त्यावर मराठी टाइपरायटर, अब्बांच्या वेळचा.
त्यात श एका फटक्यात येत नाही:
आधी अर्धा उमटतो, मग काना मारून उभा करावा लागतो.
बत्तीस वर्षं हा शब्द मी असाच उभा करतोय,
दिवसातून वीसदा, पंचवीसदा.
कायदेशीर वारस. कायदेशीर ताबा.
पुढील कायदेशीर कारवाईस सर्वस्वी आपण जबाबदार राहाल.
अर्थ विचारायला कोण येतंय?
विजेच्या डीपीवरची पाटी वाचावी
तसा लोक तो लांबूनच वाचतात.

गावात मात्र हाच शब्द उघड्या डोक्यानं हिंडतो.
चहावाला आयूब गाळणी आपटून म्हणतो, 'घ्या, कायदेशीर केलाय.'
म्हणजे आलं ठेचून, दुधात हात न आखडता.
तालमीतली पोरं म्हणतात, काल कायदेशीर झोपलो,
म्हणजे कूस न बदलता.
आणि परवा गंगावेशीत एकाला धुतला
तोही कायदेशीरच धुतला म्हणे.
त्याला सात टाके पडले.

मंगळवारी शियेहून आक्काताई आली.
पिशवीत रेशनकार्ड, सीपीआरची फाईल, मयताचा दाखला
आणि गुऱ्हाळमालकाची चिठ्ठी,
की कै. रंगराव आमचेकडे गुळव्या होते, हात चांगला होता.
सोसायटीत त्याची ठेव, तेरा हजार आठशे.
सोसायटी म्हणते, वारस आणा.

'नातं काय लिहू?'
'लिवा की, त्येची बाई.'
'कायदेशीर?'
'म्हंजे वो?'

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं
आणि मला घसा खाकरावा लागला.
म्हटलं, लग्न. नोंद. पहिली हयात आहे का?
'हाय की, गडहिंग्लजला. तिनंच भाईर काढला ह्येला.'
'सोडचिठ्ठी?'
'चिठ्ठी कुणी लिवायची? दोघंबी अंगठंवालं.'
'मग नाही बसत.'

ती जरा वेळ बोटांनी पदर मोजत बसली.
मग म्हणाली, 'सव्वीस वर्सं भाकरी थापली.
काहिलीतला रस हातावर सांडला तवा
म्हैनाभर घास भरवला.
शेवटी सीपीआरात भांडं मी धरलं, नर्स न्हवती.
ह्यातलं बेकायदा कंचं त्ये सांगा,
तेवढं खोडून टाका.'

बोट कळीवर तसंच राहिलं.
आठवलं, मदरशातलं आमचं पहिलं पुस्तक,
पिवळं, कोपरे कुरतडलेलं, त्याचंही नाव कायदा.
अलिफ, बे, ते.
मौलाना सांगायचे, अरबीत हा शब्द बसण्यातून आलाय.
कायदा म्हणजे बैठक, पाया,
ज्यावर बाकीचं उभं राहतं ते.
'म्हणून आधी नीट बस, दस्तगीर,' म्हणायचे, 'मग वाच.'
समोर आक्काताई बसली होती, जमिनीवर,
स्टुलावर कुणा वकिलाची बॅग होती म्हणून.
बॅग उचलून मी खाली ठेवली.
ती उठली नाही. म्हणाली, 'हितं गार लागतंय, बरं हाय.'

मग टाइप केलं:
सदर इसम माझेसोबत सव्वीस वर्षे राहत होते.
त्यांचा दवाखाना, दहावा, तेरावा मी केला.
सबब मी त्यांची
इथे मोजून आठ ठोके जागा सोडली
पत्नी असून वरील मजकूर माझे सांगणेप्रमाणे खरा व बरोबर आहे.
क्लार्क ती जागा पेनानं भरेल,
नाहीतर कागद माझ्या अंगावर फेकेल.
दुसरंच होईल बहुतेक. तिला तसं सांगितलं.

तिनं अंगठा दिला, शाई केसांना पुसली.
आयूब दोन कप ठेवून गेला, जाता जाता तोच शब्द टाकून.
आक्काताईनं बशीत ओतला, फुंकर मारली,
एक घोट घेतला.
'ह्यो बरा गावतोय,' म्हणाली.

साठातले तीस घेतले.
पावती मी कुणालाच देत नाही.