वाऱ्याची पिशवी

धावपट्टीच्या टोकाला केशरी-पांढरी पिशवी फडफडते ना,
ती मी शिवतो. बाबालाल मुलाणी, वारुंजी फाटा.
फॉल-पिको, ब्लाऊज, आणि वर्षातून दोनदा
कऱ्हाडच्या विमानतळाची ही बाही,
खांद्याला रुंद, मनगटाला निमुळती, आत हात नसलेली.

मंगळवारी तिची शिवण उसवल्याचा निरोप आला.
मी म्हटलं, उद्या.
लग्नसराई. अकरा ब्लाऊज अडकलेले.

बुधवारी चारला माप घ्यायला गेलो,
सायकल तारेच्या कुंपणाला टेकवली.
आगाशिवच्या डोंगराकडून आडवा वारा सुटलेला,
माझी टोपी उडाली,
आणि पिशवी नुसती लोंबत होती.
वारा उसवल्या जागेतून परस्पर निघून जात होता.

विमान आलं. पंख सोडले तर रिक्षाएवढंच.
आत एकटी मुलगी, लातूरकडची, बिडवे.
एक पंख कलला, शेपटी सरकली,
आणि जमीन तिला वेळेआधीच लागली.
आपटलं. उसळलं. पुन्हा आपटलं.
तिसऱ्यांदा टेकलं तेव्हा ते विमान उरलंच नव्हतं,
घाटात ब्रेक सुटलेली हातगाडी होती ती.
डावीकडे ओढत ओढत गवतात शिरली,
पुढचं चाक मोडून नाकावर बसली.
पंख्याने दोनदा माती उकरली.
नंतर फक्त टिटवी.

दार उघडून ती उतरली.
पंख्याचं वाकलेलं पातं
दोन्ही हातांनी सरळ करू बघत होती,
चमचा वाकल्यावर पोरं करतात तसं.

धुमाळ सर धावत आले.
ती म्हणाली, "पिशवी बघितली होती सर. वारा नव्हता."
"वारा अंगाला कळतो. पिशवीला काय विचारतेस?"
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

त्या रात्री दुहेरी शिवण घातली, वरून पट्टी.
सुई एकदा बोटातून गेली.
सकाळी शिपायाने खांबावर चढवली तशी
भरली, ताठ झाली,
खोटं कधी बोललीच नाही अशी.

आठवड्याने बिडवे दुकानात आली.
शर्टाचं बटण तुटलेलं, पट्टा करकचला तिथलं.
दोरा चारदा पुरतो, मी नऊदा फिरवला.
सांगायचं होतं. गाठ मारली, दाताने तोडली.
"किती झाले?"
"राहू दे."
ती पाचचं नाणं ठेवून गेली.

गल्ल्यात टाकवत नाही ते.
खडूच्या डबीत पडून आहे,
कापड बेतताना हाताला लागतं.