दहापैकी किती

बांबोळीला डॉक्टरीण विचारते,
दुखतंय किती, आजोबा? दहापैकी सांगा.
बाबा ताठ बसतात, हात मांडीवर,
आणि म्हणायला लागतात
माशेलच्या पोर्तुगीज शाळेतलं:
उं, दोयश, त्रेश, क्वात्रु...
थेट दहापर्यंत, न चुकता.
मग माझ्याकडे बघतात, शाबासकीसाठी.

ती कागदावर कुठला आकडा लिहिते, दिसत नाही.

यकृतापर्यंत गेलंय, हे मी त्यांना तीनदा सांगितलं.
तिन्ही वेळा ते पहिल्यांदाच ऐकत होते.
तिसऱ्यांदा म्हणाले, अरेरे, कोणाला गं?
त्यानंतर नाही सांगितलं.

केमो नको, यावर सही माझी.
पेन त्यांच्याच खिशातलं.

परतताना कदंबच्या खिडकीशी बसवते त्यांना.
बाणस्तारीच्या पुलावर कळ येते,
पोट धरून वाकतात,
मग का वाकलो तेच विसरतात
आणि वाकलेलेच राहतात.

शेवंते, म्हणतात.
शेवंता त्यांची बहीण,
परकर-पोलक्यातच गेलेली.
शेवंते, पेजेबरोबर मिस्कूट आहे ना गं?

खाली मांडवीचा फाटा, ओहोटीचा,
चिखलात एक होडी कलंडलेली.

आहे, दादा, मी म्हणते.
तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवलंय.