नऊ नंबरचा जोड

माझे सासरे बर्नबा आवळे
सुभाषनगरात चपला शिवायचे
आणि जगाचा शेवट मोजायचे.
दोन्ही कामांना एकच पेन्सिल, कानावरची.

महिना उलटला की साखर कारखान्याच्या
कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर आठवडे मांडायचे,
सत्तर, मग सात, मग साडेतीन.
हातचा घेतला की थांबून वर पत्र्याकडे बघायचे,
जणू बेरीज तिकडूनच तपासून येणार.
खाली तिथंच एखाद्या गिऱ्हाइकाचं माप:
कागलचे पाटील, डावा पाय जरा मोठा.

एकदा तारीख निघाली. गुरुवार होता.
बुधवारी त्यांनी सगळी देणी फेडली,
वाण्याची, कातड्याची, भिशीचे उरलेले दोन हप्ते,
शेजाऱ्यांची शिडीसुद्धा परत केली,
अकरा वर्षांनी.
रात्रभर आम्ही धुतल्या कपड्यांत बसून होतो.
तीनला धाकट्याला भूक लागली.
सहाला दूधवाला आला
आणि घरात एक रुपया नव्हता.
"उद्या देतो," म्हणाले सासरे,
आणि आपलाच शब्द ऐकून गप्प झाले.

रविवारी चर्चमध्ये कुणी हसलं नाही.
पाळकसाहेब दारात हात धरून एवढंच म्हणाले,
"बर्नबा, त्याला घाई करू नका."

पेटीत मात्र एक जोड होता.
कापशी, नऊ नंबर, स्वतःच्या मापाचा.
बाभळीच्या सालीत पिकवलेलं कातडं,
वेणी इतकी घट्ट की सुईला वाट नाही,
आणि तळात विंचू भरलेला, करकरायला.
तिकडचा रस्ता सोन्याचा, म्हणायचे,
सोनं मऊ असतं, पाऊल वाजत नाही;
आपण आलो हे कळायला नको?
दर ईस्टरला एरंडेल लावायचे.
पायात कधी नाही.

मग ते पुराचं साल.
पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली.
टीव्ही सांगत होता, राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला.
चौथा.
पाचवा.
शेजारची सलोमी नखं खात मोजत होती,
"मामा, सातच हायत ओ. सात! तुमचंच गणित."
आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.
ज्यानं आयुष्यभर सात आकडा हुडकला,
केएमटीच्या तिकिटावर, लाईट बिलात,
तो माणूस रापी पुसत म्हणाला,
"खुळी का काय तू?
पाण्यानं परत बुडवणार न्हाई
असं ढगात कमान काढून सांगितलंय त्यानं.
हे धरणाचं पाणी हाय. उठा, भाकरी थापा."

चर्चच्या हॉलमध्ये चिखलीची माणसं आणली होती,
आंबेवाडीची, म्हशी बाहेर खांबाला बांधून.
कोपऱ्यात एक म्हातारा, अनवाणी,
बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या चिखल्या.
सासरे खाली बसले.
नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही,
सवयीनं विती टाकून पाऊल मोजलं,
आणि गुडघाभर पाण्यातून घरी जाऊन
पेटी डोक्यावर घेऊन आले.
"भिजवू नका," म्हणाले त्याला,
त्या महापुरात.

म्हातारा हॉलभर चालून बघत होता,
कर्र, कर्र,
बायका तव्यावरची भाकरी विसरल्या.
सासरे मात्र बघत नव्हते.
डोळे मिटून नुसतं ऐकत होते.

तारखा काढायच्या सोडल्या असं नाही.
पेन्सिल कानावरच असायची.
पुढच्या वर्षी दुसरा जोड करायला घेतला,
डावी झाली, उजवीचा तळ कापून ठेवला
आणि गेले, एका मंगळवारी,
कुठल्याच हिशेबात नसलेल्या.
अनवाणीच ठेवलं त्यांना.
एका चपलेचं काय करणार.

ती माझ्याकडं आहे. एरंडेल मी लावते.
गणित मला येत नाही.
पण रात्री गल्लीतून कुणी करकरत गेलं
की उठून बसते,
आवाज दाराशी थांबतो का ऐकते,
मग अंधारात हात लांबवून
खिडकीतले दूधवाल्याचे पैसे
आहेत ना, ते चाचपून बघते.